खुर्चीवरून उठण्यापासून सुरुवात : साधनांशिवाय घरच्या घरी व्यायाम

काही वर्षांपूर्वी गावाकडच्या एका लग्नात माझी आई पंगतीला जमिनीवर जेवायला बसली. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. जेवण झाले, शेजारच्या बायका उठू लागल्या आणि तिला मात्र उठता येईना. गुडघ्यात कळ नव्हती, चक्करही येत नव्हती. एक हात जमिनीवर टेकून तिने दोनदा अंग उचलून पाहिले आणि दोन्ही वेळा ती परत खाली बसली. शेवटी दोघींनी काखेत हात घालून तिला उभे केले. परतीच्या वाटेवर ती एवढेच म्हणाली, "पायात जीवच राहिला नाही बघ." डॉक्टरांनी तपासले, तेव्हा सांध्यांची झीज वयाच्या मानाने बेताचीच निघाली. कमी पडत होती ती मांड्यांची आणि नितंबांची ताकद. त्या आठवड्यापासून आम्ही घरातल्या लाकडी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सुरू केला. पाचेक महिन्यांनी ती पुन्हा जमिनीवर बसून मेथी निवडू लागली आणि एका हाताचा आधार घेऊन आपली आपण उठू लागली.

ज्यांनी आजवर नियमाने व्यायाम केलेला नाही, ज्यांच्याकडे व्यायामशाळेत जाण्याइतका वेळ किंवा पैसा नाही, किंवा ज्यांना चार लोकांसमोर व्यायाम करण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. आईबरोबर व्यायाम करताना मला जी गोष्ट पटली, ती सुरुवातीलाच सांगते. दहा वर्षांची मुलगी, चाळिशीतला नोकरदार आणि सत्तरीतली आजी यांना निरनिराळे व्यायाम लागत नाहीत. बसणे-उठणे, हातांनी ढकलणे, कंबर उचलणे, पाठ ताठ धरणे आणि तोल सांभाळणे या हालचाली सगळ्यांच्या त्याच असतात. प्रत्येकाची पायरी तेवढी वेगळी असते. आपली पायरी ओळखणे हेच नवशिक्याचे पहिले काम आहे, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात.

ताकद गेली कुठे?

आपल्या आजीच्या पिढीचा स्वयंपाक चुलीपुढे बसून होत असे. जेवण पाटावर, भांडी उकिडवे बसून, दळण जात्यावर आणि शौचालयही भारतीय पद्धतीचे. अशा घरात दिवसभरात कितीतरी वेळा जमिनीपर्यंत खाली जाऊन वर यावे लागे. पुढे ओटा आला, जेवणाचे टेबल आले, कमोड आला. या सोयी वाईट नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला त्यांनी मोठा दिलासा दिला आहे. मात्र पायांचे रोजचे काम त्यांनी काढून घेतले आणि त्याच्या जागी दुसरे काही आपण ठेवले नाही. वयाच्या तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायूंना पुन्हा काम दिले, की ही घट कोणत्याही वयात बरीच रोखता येते आणि गेलेल्यातले काही परतही मिळवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामावर भर द्यावा, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत करावी, असेही त्यात म्हटले आहे. आपल्याकडे रोज सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे यातला पहिला भाग अनेकांचा पूर्ण होतो. ताकदीचा भाग मात्र सर्रास राहून जातो, म्हणून पुढचा सगळा मजकूर त्याच भागाविषयी आहे.

सुरू करण्यापूर्वी

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, वारंवार चक्कर येणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गेल्या काही महिन्यांत झालेली शस्त्रक्रिया किंवा हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. गरोदर स्त्रियांनी आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनीही विचारूनच करावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी आणि जवळ साखर किंवा गूळ ठेवावा, कारण व्यायामाने रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. पोटभर जेवल्यानंतर दोन तास तरी थांबावे.

जागा सतरंजीएवढी पुरते. पाय अनवाणी असावेत आणि फरशी कोरडी असावी. खुर्ची हातांच्या टेकूशिवायची, चार पायांची, वजनदार आणि मागून भिंतीला टेकलेली असावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते आणि उठता-बसता नेमके हेच घडले तर माणूस कंबरेवर आपटतो, म्हणून ती मुळीच घेऊ नये. चाके लावलेली कार्यालयीन खुर्चीही नको. साडी नेसून व्यायाम करायचा असेल, तर पदर कंबरेला घट्ट खोचावा आणि निऱ्या पावलांच्या वर राहतील अशा उचलून घ्याव्यात. सलवार किंवा सैल पायजमा अधिक सोयीचा.

किती करायचे, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर आकड्यात देण्यापेक्षा हिशेबातल्या एका जुन्या शब्दात देणे मला अधिक योग्य वाटते : दोन हातचे राखावेत. म्हणजे आणखी दोन वेळा नीट करता येईल असे वाटत असतानाच थांबावे. समजा एखादीला खुर्चीवरून दहा वेळा उठता येते, पण दहाव्या वेळी पाठ वाकते आणि तोंड वेडेवाकडे होते, तर तिचा आकडा आठ. दुसऱ्या कोणाचा आकडा वीस असेल, तर तो त्याचा. श्रमाच्या वेळी श्वास सोडावा, परत येताना घ्यावा आणि कधीही कोंडून धरू नये, कारण श्वास कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो. खाली जाताना मनात सावकाश तीन अंक मोजावेत आणि वर येताना एक. हळू केलेल्या सहा वेळा घाईने केलेल्या पंधरा वेळांपेक्षा जास्त कामाच्या असतात.

प्रत्येक दिवशी आरंभी पाच मिनिटे अंग मोकळे करावे. जागच्या जागी चालणे, खांदे पुढून मागे फिरवणे, मान डावी-उजवीकडे वळवणे, घोटे फिरवणे आणि गुडघे आळीपाळीने कंबरेपर्यंत उचलणे एवढे पुरते. थंडीत आणि सकाळी उठल्याबरोबर करणाऱ्यांनी हा वेळ थोडा वाढवावा.

बसणे-उठणे : खुर्चीपासून बैठकेपर्यंत

सगळ्या व्यायामांत हा मी पहिला ठेवते, कारण शौचालयापासून बसच्या पायरीपर्यंत दिवसभर लागते ती हीच ताकद.

आपली पायरी समजण्यासाठी आधी एक छोटी चाचणी करावी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसावे, पावले नितंबांएवढ्या अंतरावर जमिनीवर सपाट ठेवावीत, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत आणि कोणाला तरी घड्याळ धरायला सांगून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने वृद्धांसाठी ठरवलेल्या मोजमापानुसार ६५ ते ६९ वर्षांच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर ती ताकद सरासरीहून कमी आणि पडण्याचा धोका अधिक मानतात. ७५ ते ७९ या वयात हेच आकडे ११ आणि १० आहेत. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर खाली दिलेली पहिली पायरी आपली.

पहिल्या पायरीवर खुर्चीवर उशी किंवा घडी केलेली चादर ठेवून बसण्याची उंची वाढवावी, दोन्ही हात मांड्यांवर ठेवावेत आणि त्यांचा थोडा जोर घेऊन उठावे. उठण्यापूर्वी पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत आणि नाक पायांच्या अंगठ्यांच्या वर येईल इतके पुढे झुकावे. आईला उठताना सगळ्यात जास्त अडचण इथेच येत होती. पडण्याच्या भीतीने ती पाठ ताठ ठेवून सरळ वर जाऊ पाहत होती आणि त्यामुळे शरीराचा भार मागेच राहत होता. पुढे झुकायला शिकल्यावर त्याच पायांनी ती त्याच दिवशी दोनदा उठली. बसताना धपकन अंग टाकू नये. खुर्चीचा स्पर्श होईपर्यंत भार पायांवरच असावा, कारण ताकद वाढवण्याचे निम्मे काम या खाली येण्यातच होते.

दुसऱ्या पायरीवर उशी काढावी, तिसऱ्या पायरीवर हात छातीवर घ्यावेत. चौथ्या पायरीवर खुर्चीला केवळ स्पर्श करून न बसता वर यावे. त्यापुढे खुर्ची बाजूला ठेवून मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बैठक मारावी. टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या दिशेने, छाती समोर. गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील, तर खोली कमी करावी. तालमीतला पैलवान बैठक मारतो तेव्हा खाली जाताना टाचा उचलतो आणि हातांचा झोका घेऊन वेगाने वर येतो. ती वर्षांच्या सरावाची गोष्ट आहे आणि गुडघ्यांवर तिचा ताण बराच येतो, म्हणून नवशिक्याने तिचे अनुकरण करू नये.

बैठकांबाबत एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे उठाबशा ही वर्षानुवर्षे शाळेतली शिक्षा राहिली, आणि त्यामुळे एका उत्तम व्यायामाविषयी अनेकांच्या मनात लहानपणापासून अढी बसली. सवय नसलेल्या शरीराकडून एकाच दिवशी शंभर-दोनशे उठाबशा करून घेतल्या, तर मांडीच्या स्नायूंचे तंतू तुटून त्यांतला घटक रक्तात उतरतो, लघवी चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असे लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे. मुलांना शिक्षा म्हणून व्यायाम देऊ नये, आणि मोठ्यांनीही पहिल्या दिवसाच्या उत्साहात पैज लावून तो करू नये.

ढकलणे : भिंतीपासून जोरापर्यंत

जोर म्हटले की अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, हा आपला प्रांत नव्हे असे वाटते. पण दरवाजा ढकलणे, पलंगावरून उठताना हातावर भार घेणे, पडता पडता स्वतःला सावरणे ही सगळी कामे हीच ताकद करते.

येथे पायऱ्या कशा बनतात ते समजून घेणे उपयोगाचे आहे. जमिनीवर पूर्ण अंग ताठ ठेवून पुश-अप मारताना शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकले की तो सुमारे ४९ टक्क्यांवर येतो, आणि गुडघे न टेकता हात सुमारे दोन फूट उंचीवर ठेवले तर सुमारे ४१ टक्क्यांवर. साठ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हे आकडे अनुक्रमे ३८, २९ आणि २५ किलो असे होतात. भिंतीवर हात ठेवले की भार याहून पुष्कळ कमी असतो. म्हणजे व्यायाम तोच राहतो आणि हातांची उंची बदलली की वजन आपोआप बदलते.

पहिली पायरी भिंतीची. भिंतीपासून एक हात अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर, खांद्यांहून किंचित रुंद ठेवावेत. टाचांपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून कोपरे वाकवत नाक भिंतीजवळ न्यावे आणि ढकलून परत यावे. कोपरे पंखांसारखी बाहेर न काढता अंगाशी तिरकी ठेवली, तर खांदे दुखत नाहीत. असे पंधरा वेळा सहज जमले की दुसरी पायरी स्वयंपाकाच्या ओट्याची. ओट्याची कड पुसून कोरडी करावी, गॅस बंद असल्याची खात्री करावी आणि पावले मागे घेऊन तीच हालचाल करावी. तिसरी पायरी भिंतीला टेकलेल्या पलंगाच्या कडेची, चौथी जमिनीवर गुडघे टेकून आणि पाचवी पूर्ण.

तालमीतला जोर याहून निराळा आहे. त्यात हातपाय जमिनीवर ठेवून आधी कंबर डोंगरासारखी उंच उचलतात, मग कोपरे वाकवत छाती जमिनीजवळून पुढे सरकवतात आणि नागासारखी मान व छाती वर काढून पुन्हा त्याच डोंगराकडे परततात. खांदे, पाठ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू या सगळ्यांना एका हालचालीत काम देणारा इतका सुंदर व्यायाम मला दुसरा ठाऊक नाही. मात्र पाचवी पायरी दहा वेळा जमल्याशिवाय त्याकडे वळू नये, आणि कंबरेचा मणका सरकलेल्यांनी तो टाळावा.

मनगट दुखणाऱ्यांनी तळव्याऐवजी मूठ टेकावी किंवा भिंतीच्याच पायरीवर राहावे. साठीनंतर भिंत आणि ओटा या दोन पायऱ्यांवर वर्षानुवर्षे राहिले, तरी त्यात काही कमीपणा नाही.

कंबर, पाठ आणि पोट

पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत आणि टाचांवर जोर देऊन नितंब उचलावेत, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत एक उतार तयार होईल इतके. दोन श्वास थांबून सावकाश खाली यावे. ज्यांना दिवसभर बसून काम करावे लागते आणि संध्याकाळी कंबर भरून येते, त्यांनी हा व्यायाम कधीच चुकवू नये.

त्यानंतर, नातवंडाला पाठीवर घेऊन घोडा-घोडा खेळताना आपण होतो तसे हातगुडघ्यांवर व्हावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करून तीन ते पाच सेकंद थांबावे, मग बाजू बदलावी. पाठीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आहे अशी कल्पना केली, की पाठ स्थिर कशी ठेवायची ते लगेच समजते. गुडघ्याखाली घडी केलेली चादर घ्यावी. हे आठ-आठ वेळा जमू लागल्यावर कोपरे आणि चवडे टेकून अंग फळीसारखे ताठ धरण्याचा व्यायाम, ज्याला हल्ली सगळे प्लँक म्हणतात, दहा सेकंदांपासून सुरू करावा. तो मिनिटांवर मिनिटे ताणत नेण्यात फारसा अर्थ नाही. कंबर खाली झोळ घेऊ लागली की वेळ संपली असे समजावे.

साधनांशिवायच्या व्यायामात एक उणीव खरोखर आहे, आणि ती म्हणजे ओढण्याच्या हालचालीची. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्यांना ती रोज मिळत असे. घरात तिची थोडी भरपाई पोटावर झोपून करता येते. कपाळ जमिनीवर, हात अंगालगत; छाती चार बोटे उचलावी आणि खांद्यांची पाती पाठीमागे एकमेकांकडे ओढून तीन सेकंद धरावी. मान वर करून समोर पाहू नये, नजर जमिनीकडेच असावी. मोबाइलवर वाकून पुढे आलेल्या खांद्यांना याचा फार उपयोग होतो.

तोल

तरुणांना हा भाग अनावश्यक वाटतो आणि वृद्धांना तो भीतीदायक वाटतो, म्हणून दोघेही तो टाळतात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक वेळा पडल्यामुळे, आणि अंथरूण धरलेला माणूस झपाट्याने खंगतो. ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलून चवड्यांवर दहा वेळा उभे राहावे. मग एका पायावर दहा सेकंद, नंतर दुसऱ्या. आधार दोन्ही हातांचा, मग एका हाताचा, मग दोन बोटांचा असा कमी करत न्यावा, पण ओटा हाताशीच असू द्यावा. डोळे मिटून करण्याचा प्रयोग एकट्याने करू नये. याच्या पुढचा भाग म्हणजे लहानपणी खेळाचे अंतर मोजताना आपण पावलाला पाऊल लावून चालत असू, तसे भिंतीच्या कडेने दहा पावले चालणे.

आठवड्याची आखणी

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे एक दिवसाआड तीन दिवस ठरवावेत, कारण स्नायू व्यायामाच्या वेळी थकतात आणि विश्रांतीच्या दिवशी भरून येतात. पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीची एकच फेरी करावी, म्हणजे आठ ते दहा वेळा किंवा आपल्या हातच्याच्या हिशेबाने जेवढे येईल तेवढे. सगळे मिळून पंधरा मिनिटांत होते. तिसऱ्या आठवड्यापासून एक-दोन मिनिटे थांबून दुसरी फेरी घ्यावी आणि सहाव्यापासून जमल्यास तिसरी. एखाद्या हालचालीच्या दोन्ही फेऱ्या सलग दोन दिवस बारा-पंधरा वेळा सहज झाल्या, की त्या हालचालीची वरची पायरी घ्यावी आणि आकडा पुन्हा सहा-आठवर आणावा. सगळ्या हालचाली एकाच वेळी वर चढत नाहीत. आई बसण्या-उठण्यात चौथ्या पायरीला पोचली तेव्हाही भिंतीवरचे जोर ती भिंतीवरच मारत होती. मधल्या दिवशी चालावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम श्रम.

कॅलेंडरवर व्यायामाच्या दिवशी फुली मारण्याची सवय आमच्या घरी फार उपयोगी पडली. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाच्या शेजारी आईने आपल्या फुल्या मारल्या आणि एखादा चौकोन रिकामा राहिला की तिला तो खटकू लागला.

मुलांसाठी

लहान मुलांना फेऱ्या आणि आकडे देऊ नयेत, खेळ द्यावेत. लंगडीत तोल आणि पोटऱ्यांची ताकद आहे, बेडूकउड्यांत बैठक आहे, खो-खोत उकिडवे बसून क्षणात उठून धावणे आहे. अंगणात किंवा इमारतीच्या गच्चीवर अर्धा तास लंगडी खेळणाऱ्या मुलाला वेगळ्या व्यायामाची गरज क्वचितच पडते. शरीराच्या वजनाचा व्यायाम केल्याने मुलांची उंची खुंटते, हा समज निराधार आहे. मुलींच्या बाबतीत मंगळागौरीचे खेळ आठवावेत. बसफुगडी म्हणजे पूर्ण खाली बसून उड्या मारणे, आणि झिम्मा-पिंगा सलग खेळणाऱ्यांना चांगलाच दम लागतो. श्रावणातल्या एका रात्रीपुरते हे खेळ ठेवण्याऐवजी आई-मुलींनी ते वर्षभर अधूनमधून खेळावेत असे मला मनापासून वाटते. फक्त चाळिशीनंतर बसफुगडीकडे खुर्चीच्या पायऱ्या चढूनच यावे.

सूर्यनमस्काराकडे केव्हा वळावे?

अनेक जण सुरुवातच सूर्यनमस्काराने करतात आणि आठवडाभरात मनगट किंवा कंबर धरून बसतात. सूर्यनमस्कारात पुढे वाकणे आहे, पाय मागे नेऊन खोल बसणे आहे, हातांवर अंग तोलणे आहे आणि पाठ मागे वाकवणेही आहे. म्हणजे वरच्या बहुतेक हालचाली त्यात एकापाठोपाठ एक येतात. म्हणून त्या सुट्या हालचाली अंगवळणी पडल्यावर तो घ्यावा. महाराष्ट्रात त्याचा प्रसार करण्यात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा वाटा फार मोठा आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या या राजाने स्वतः रोज नमस्कार घातले, आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते सुरू केले आणि मुलांप्रमाणेच स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. त्यांच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था होत्या. आज बारा अवस्थांची पद्धत अधिक प्रचलित आहे. कोणतीही एक धरावी आणि तीच चालू ठेवावी.

ओट्यावरचे जोर आणि आधाराविना बैठका जमू लागल्या, की दोन नमस्कारांनी सुरुवात करून दर आठवड्याला एक वाढवत बारापर्यंत जावे. पुढे वाकताना हात जमिनीला पोचत नसतील, तर गुडघे खुशाल वाकवावेत. साष्टांगाच्या अवस्थेत अंग एकदम खाली सोडू नये. आधी गुडघे, मग छाती आणि शेवटी कपाळ टेकावे. ज्यांना हाडांचा ठिसूळपणा आहे त्यांनी खोल पुढे वाकणे टाळायचे असल्यामुळे, त्यांनी सूर्यनमस्काराऐवजी वरच्या सुट्या हालचालीच चालू ठेवाव्यात.

दुखले तर, आणि खंड पडला तर

पहिल्या आठवड्यात मांड्या, दंड आणि छाती दुखतील. दुसऱ्या दिवशी सुरू होऊन तीन-चार दिवसांत जाणारे हे बोथट दुखणे नव्या कामाची खूण आहे. त्यासाठी गोळी लागत नाही. कोमट पाण्याची अंघोळ आणि थोडे चालणे पुरते. सांध्याच्या आत होणारी टोचरी वेदना, सूज, पायात उतरणाऱ्या मुंग्या, छातीवर दाब किंवा डाव्या हातात व जबड्यात जाणारी कळ यांचा अर्थ वेगळा आहे. सांध्याची वेदना असेल तर ती हालचाल थांबवून डॉक्टरांना दाखवावे. छातीची असेल तर लगेच रुग्णालयात जावे, वाट पाहू नये. गुडघ्यांची जुनी झीज असलेल्यांना थोडी कुरकुर जाणवेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्वीइतकी झाली, तर प्रमाण बरोबर आहे असे समजावे. वाढलेलीच राहिली, तर पुढच्या वेळी खोली आणि आकडा दोन्ही कमी करावेत.

ताप, प्रवास, घरचे कार्य, परीक्षा या कारणांनी खंड पडणारच. एक आठवडा गेला असेल तर जिथे सोडले तिथून, एकच फेरी करून सुरुवात करावी. त्याहून अधिक काळ गेला असेल, तर प्रत्येक हालचालीत एक पायरी खाली उतरून दोन आठवडे तिथेच राहावे. आजारपणातून उठलेल्यांनी थेट उशी ठेवलेल्या खुर्चीपासून पुन्हा सुरुवात करावी आणि पहिले काही दिवस घरातले दुसरे कोणीतरी शेजारी उभे असावे.